माळ्याचं कॅलेंडर

माझ्या नर्सरीत कोणी मोबाईलवर जास्वंदीचा फोटो घेऊन येतं. फांदीवर पिठ्या ढेकणाचा पांढरा थर, आणि प्रश्न ठरलेला, बाई, कोणतं औषध मारू? मी उलट विचारते, या झाडाची फुलं कोण तोडतं? लोकांना वाटतं म्हातारी चळली. परवा एक जण वैतागून म्हणाला, मी किडीचं विचारतो आहे, फुलांचं नाही. मी म्हटलं, आणि मी माणसांचं विचारते आहे, आधी त्याचं उत्तर द्या, मग तुमच्या किडीकडे बघू. हा प्रश्न माझा नाही, बाबांचा आहे. तो माझ्या डोक्यात कसा बसला ते लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण त्यात माझ्या शहाणपणाचा भाग फार थोडा आहे. पण आता गुडघे गेले, बसून राहणंच नशिबी आलं, तर लिहून टाकते.

बाबा आर्वीकडच्या एका धरणाच्या कॉलनीत माळी होते, रोजंदारीवर. कॉलनीत साठेक क्वार्टर, मधोमध मोठी बाग, आणि बागेच्या कोपऱ्यात टिनाची एक खोली, जिला सगळे अवजारघर म्हणत. आमचं घर नाल्यापलीकडे गावातल्या बौद्धपुऱ्यात. शाळा सुटली की मी नाला ओलांडून आधी अवजारघरात जायची. शेणखत, ओलं पोतं, गंजलेली कात्री आणि निंबोळीचा कडवट काढा, असा त्या खोलीचा एक वास होता. माझ्या नर्सरीच्या शेडमध्ये तो अजून येतो आणि मला बरं वाटतं. भिंतीला पितळी पंप टांगलेला. त्याच्याखाली कुलूपबंद पेटी, पेटीत एक मग, बाहेरून लाल रंग दिलेला. तो मग फक्त विषासाठी. त्यानं कोणी पाणी घ्यायचं नाही, त्याला दुसऱ्या भांड्याजवळ ठेवायचं नाही. सगळी दुनिया औषध म्हणायची, बाबा मात्र विषच म्हणत. पण ते काढायची वेळ वर्षातून एखाददोनदाच यायची. आधी किडलेली फांदी कापून पुरायची, मग साबणाचं पाणी, मग निंबोळीचा काढा. एवढं करून झाड ऐकत नसेल तर मग लाल मग, तोही त्या एकाच झाडापुरता, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर, वारा पडलेला बघून. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही. कपाशीवर फवारा मारणारे आमच्या गावचे बाप्ये सर्रास फुंकत, आणि बाबा त्यांना रस्त्यात थांबवून शिव्या घालत.

त्याच भिंतीवर खिळ्याला एक कॅलेंडर असायचं. किराणा दुकानातून फुकट मिळणारं, वर देवाचं रंगीत चित्र, खाली तिथी-वार. बाबांना वाचता येत होतं ते सहीपुरतं. नवीन कॅलेंडर आलं की ते क्वार्टर नंबर चारमधल्या पुराणिक काकूंकडे घेऊन जात. काकू ओट्यावर बसून महिन्यामागून महिना वाचून सांगत, अमुक दिवशी नागपंचमी, अमुक दिवशी हरतालिका, गणपती, महालक्ष्म्या, आणि बाबा पेन्सिलीनं खुणा करत. बाबांचं गणित सरळ होतं. ज्या दिवशी कॉलनीतल्या बाया फुलं-पानं तोडणार, त्याच्या आधी पंधरा दिवस बागेत विष नाही. कीड लागली तर लागू दे. झाड मेलं तर दुसरं लावता येईल, असं ते म्हणत.

मी तेव्हा सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला, आणि डोकं भलतं तापलेलं. विहारात झालेली भाषणं मला पाठ होती. धर्म सोडला तो सोडला, आता मागे वळून बघायचं नाही, हे मी घरात उठताबसता ऐकवायची. आईला त्याचं हसू यायचं. ती म्हणायची, बोल बोल, पण आधी अंबाडीची भाजी निवड. मला बाबांचं ते कॅलेंडर डोळ्यात खुपायचं. आपल्या जातीच्या माणसाला ज्यांनी देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्यांच्या सणांचं वेळापत्रक आपण भिंतीला टांगायचं? एकदा विचारलंच. बाबा गुलाबाची कलमं बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "देवासाठी नाई टांगलं माय, मान्सासाठी टांगलं." मला ते उत्तर पळवाट वाटलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस ते बागेत असताना मी कॅलेंडर उतरवलं, गुंडाळी केली आणि पोत्यांच्या थप्पीमागे कोंबून दिली. फाडलं नाही, एवढीच अक्कल होती. बाबा आत आले, रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पंपाला तेल देत बसले. मला वाटलं, जिंकले.

पुढे भाद्रपद लागायच्या सुमाराला बाबांना हिवताप चढला. गोधडीखाली दात वाजत, मग घाम फुटे, मग नुसती झोप. आई त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसायची आणि बागेचं पाणी मी बघायची. अशात कॉलनीच्या साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. वरचे मोठे साहेब तपासणीला येणार होते आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढला होता. साहेब म्हणाले, तुझे वडील पडलेत आजारी, उद्या दुसरा माणूस लावावा लागेल, नाहीतर तू करून टाक. स्टोअरमधून एक बाटली काढून दिली. कपाशीवर मारायचं विष होतं ते, बागेच्या शोभेच्या झाडांचं नव्हेच. बाटलीवर चौकोनात लाल त्रिकोण आणि कवटीचं चित्र. दुसरा माणूस लावावा लागेल, एवढंच माझ्या कानात राहिलं. बाबांना विचारायचं होतं, पण ते तापात बरळत होते. खरं सांगायचं तर मला विचारायचंही नव्हतं. एक काम मी एकटीनं फत्ते करून दाखवणार होते.

आणि दाखवलं. बाबांचा फुल बाह्यांचा शर्ट घातला, तोंडाला दुपट्टा, पायात गमबूट. लाल मगानं मोजून घेतलं, काडीनं ढवळलं, वाऱ्याकडे पाठ केली, उन्हं कलल्यावर पंप पाठीला लावला. बाबांचे फवारायचे सगळे नियम पाळले, दोन सोडून. एक म्हणजे, जास्वंदीपुरतं थांबायचं सोडून, पंपात उरलंय तर कशाला वाया घालवा म्हणून कण्हेर, मधुमालती, जाई, डाळिंब, सगळ्या कुंपणावर मारत सुटले. आणि दुसरं म्हणजे, पुढचे पंधरा दिवस कोणाचा सण आहे ते बघितलं नाही. बघणार कुठे? खिळा रिकामा होता. घरी येऊन साबण लावून दोनदा अंघोळ केली, कपडे वेगळे धुतले, आणि आईनं वाढलेलं चून-भाकर ताठ मानेनं खाल्लं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा ताप उतरला. उठून बसले, ताक घालून ज्वारीच्या कण्या मागितल्या. आई वाढता वाढता सहज म्हणाली की कासार आज सकाळपासून दोन फेऱ्या कॉलनीत करून गेला, उद्या बायांचा काहीतरी उपास आहे म्हणे, बांगड्या भरून राह्यल्या सगळ्या. बाबांचा हात वाटीतच थांबला. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बागेत फवारा मारला का तू?" मी हो म्हटलं, अजूनही थोडी ऐटीतच. कायचा, म्हणाले. मी बाटलीचं सांगितलं. बाबांचा चेहरा जो उतरला तो तापातही तसा नव्हता. उद्या हरतालिका. सोळा झाडांची पानं महादेवाला वाहतात, आणि ती पत्री आदल्या दिवशी, म्हणजे आजच, आमच्या बागेतून जायची. दिवसभर उपाशी बाया, त्यांनी त्या पानांचं तीर्थ प्यायचं. बाबा उठायला गेले आणि भिंतीला धरून खाली बसले. म्हणाले, "ते कपाशीचं इख झाड पिऊन घेते. धुतल्यानं जात नाई. जाय तू. कोनाच्या बी घरात पान राह्यलं नाई पायजे. अन् खरं सांगजो." मी सायकल काढली.

नाल्यापासून बागेपर्यंत मी काय काय खोटं रचलं होतं ते मला अजून आठवतं. पानांवर रोग पडलाय म्हणावं, साप निघाला म्हणावं. खरं सांगितलं तर मारणारी मी, पण नाव जाणार बाबांचं, आणि दुसरा माणूस ठरलेला. बागेच्या फाटकाशी पोचले तर आत सात-आठ बाया परड्या घेऊन तोडत होत्या. मी आधी फाटक लावून घेतलं, मग सांगितलं की पानं टाका, फवारलेली आहेत. कोणी मनावर घेईना. एक म्हणाली मध्ये पाऊस पडून गेला, दुसरी म्हणाली आम्ही धुऊनच घेतो. मी पुन्हा सांगितलं तेव्हा ओव्हरसिअरच्या बायकोनं परडी कमरेला लावली आणि जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलली. तुला आमचे देव नकोत हे आम्हाला माहीत आहे, अवजारघरातलं कॅलेंडर तूच काढलंस, आता पत्रीच्या दिवशी फाटक अडवतेस होय. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण अर्धं तिचं खरं होतं. मी अवजारघरात गेले, पेटी उघडली, हातात पिशवी गुंडाळून ती बाटली आणली आणि सगळ्यांसमोर कट्ट्यावर ठेवली. कवटी त्यांच्याकडे करून.

"कॅलेंडर मीच काढलं," मी म्हटलं. "म्हणून मले समजलं नाई की उद्या हरतालिका आहे. बाबा तापात होते. हे मी मारलं, माझ्या हातानं. चूक माझी आहे, पण पानं घरी न्याल तर जीव तुमचा जाईन."

पुराणिक काकू मागे उभ्या होत्या. वर्षानुवर्षं तिथ्या वाचून दाखवणाऱ्या त्याच. त्या पुढे आल्या, वाकून बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा सावरत वाचलं, आणि आपली परडी तिथेच उलटी केली. मग एकेकीनं केली. ओव्हरसिअरच्या बायकोनं सगळ्यात शेवटी, पण केली. हात साबणानं धुवा म्हणून मी सगळ्यांना नळावर पाठवलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, सुमन तर पहाटेच येऊन घेऊन गेली गं.

सुमन म्हणजे बाराव्या क्वार्टरमधल्या कारकुनाची नवी बायको. लग्नानंतरची तिची पहिली हरतालिका. कॉलनीत माझी मैत्रीण म्हणावी अशी तेवढी एकच. दुपारी ती गॅलरीत बसून माझ्याकडून गणितं समजून घ्यायची, तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं. तिच्या घरी माझ्यासाठी एक स्टीलचा ग्लास खिडकीत वेगळा ठेवलेला असे. सुमननं ठेवला नव्हता, सासूबाईंनी ठेवला होता, आणि तो ग्लास देताना सुमन खाली बघायची. तिला खाली बघावं लागू नये म्हणून मी त्या घरी पाणी मागणंच सोडलं होतं.

मी धावत गेले. दार उघडंच होतं. सुमन न्हाणीघरात होती. सासूबाई स्वयंपाकघरात, हातात पाण्याचा भरलेला ग्लास. आणि त्यांच्यामागे घडवंचीवर माठ, माठाच्या झाकणीवर ओल्या फडक्यात बांधलेली पत्री. उद्यापर्यंत पानं ताजी राहावीत म्हणून आमच्याकडे सगळ्या घरी असंच ठेवतात, माठाच्या गारव्याला. फडकं ठिबकत होतं. थेंब झाकणीवरून ओघळून माठाच्या तोंडाशी जात होते. मी उंबऱ्यातूनच ओरडले की ते पाणी पिऊ नका. त्या थांबल्या, पण ग्लास हातातच. आजवर त्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं. एक क्षणभर पाय अडखळला, खोटं कशाला सांगू. माझ्या आजीला माठ शिवला म्हणून मारलेलं होतं, ते ऐकत मी मोठी झाले होते.

"मावशी, मी माठाले हात लावून राह्यली," मी म्हटलं. "मंग काय म्हनाचं ते म्हना."

त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला, मोरीत रिकामा केला, पत्रीचं गाठोडं बाजूला केलं, माठ दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या अंगणात नेऊन पालथा केला. पाणी जमिनीत मुरेपर्यंत तिथेच उभी राहिले. सुमन ओल्या केसांनी बाहेर आली. तिला विचारलं, पाणी प्यालीस का? नाही म्हणाली, नळ आत्ता अकराला आला, माठ नुकताच भरला. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू आलं. मी निघाल्यावर सासूबाईंनी तो माठ उकिरड्यावर नेऊन फोडला. सुमन मला पुढे कितीदा सांगायची की विष लागलं म्हणून फोडला गं. असेलही. मातीचं भांडं पाणी पितं, ते फोडायलाच हवं होतं, मी असते तर मीही फोडलं असतं. पण त्यांनी का फोडला ते मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता त्या नाहीत.

बाटली पेटीत परत ठेवली, कुलूप लावलं. बागेतली सगळी तोडलेली पानं आणि सुमनचं गाठोडं मी खड्डा खणून पुरलं, विहिरीपासून लांब, बाबांच्या पद्धतीनं. मग काकूंना सांगितलं की संध्याकाळपर्यंत पत्री आणून देते, सगळ्यांची. त्या म्हणाल्या, सोळा प्रकार असतात गं बाई. मी म्हटलं, सांगा, लिहून घेते. आघाडा, रुई, धोतरा, बोर असं बरंचसं नाल्याच्या काठी मिळालं. शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, एक पान घेतलं नाही, कारण शेजारी कपाशी आणि कपाशीवर तेच विष. बेलासाठी टेकडीपर्यंत सायकल हाणली. उरलं ते चाफा, कण्हेर, जाई, मधुमालती, डाळिंब, म्हणजे नेमकी बागेतली झाडं. आणि ती सगळी फुललेली होती आमच्या बौद्धपुऱ्यात, विहाराच्या अंगणात. बाबांनीच कॉलनीतल्या फांद्या आणून लावलेली. तिथे विषाचा थेंब कधी गेला नव्हता. मी तोडायला लागले तशा बाया जमल्या. एका म्हातारीनं विचारलं की काऊन वं, आता इथली पानं महादेवाले चालतीन का, आणि सगळ्या हसल्या. आई ओंजळ भरत म्हणाली, तिनं केलं ते तिले निस्तरू द्या, तुमी फांद्या वाकवा. आणि त्या सगळ्या फांद्या वाकवायला लागल्या.

दिवेलागणीच्या आधी मी काकूंच्या ओट्यावर पोती उघडली. तीनचार जणींनी पत्री घेतलीच नाही, त्या सकाळच्या एसटीनं आर्वीला जाऊन आणणार होत्या. बाकीच्यांनी घेतली. काकूंनी मधुमालतीचं पान उचलून विचारलं, ही कुठली? मी सरळ सांगितलं, विहारातली. काकूंनी पान उलटसुलट करून बघितलं आणि पदर पुढे केला. "तुझ्या बाबांच्या हातची ना? मग चार पानं जास्त घाल." सुमन त्यांच्या मागेच उभी होती, तिनंही पदर पुढे केला, सासूबाईंच्या देखत.

मोठे साहेब तपासणीला आले ते जीपमधून न उतरताच गेले. जास्वंद त्यांनी बघितलीही नाही. फवारणीचं सगळं मी कॉलनीच्या साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी बाबांना चार शब्द सुनावले, ते बाबांनी मान खाली घालून ऐकले, आणि माझ्यामुळे ऐकावे लागले हे मला आजही बोचतं. दुसरा माणूस मात्र लावला नाही.

त्या संध्याकाळी पत्री देऊन मी अवजारघरात आले तर बाबा आत बसलेले. काठी टेकत टेकत नाला ओलांडून आले होते. मी पोत्यांच्या थप्पीमागून गुंडाळी काढली, धूळ झटकली आणि कॅलेंडर पहिल्यांदाच नीट उघडून बघितलं. या महिन्याच्या पानावर ओळीनं पंधरा चौकटींवर पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या, आणि उद्याच्या चौकटीत एक पान काढलेलं होतं, देठासकट. पुढचं पान उलटलं. आमच्या पौर्णिमेच्या चौकटीतही तसंच पान, कारण त्या दिवशी विहारात फुलं लागतात, आणि त्याच्या आधीही पंधरा फुल्या. वर्षभर तसंच. त्यांचे सण आणि आमचे सण यांत बाबांनी काही फरकच केला नव्हता.

मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. बाबांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "तुही एकटीची चूक नाई, पोरी. खिळा रिकामा दिसला त्याच दिवशी म्या बोलाले पायजे होतं."

मी कॅलेंडर खिळ्याला अडकवलं. बाबांनी बसल्या बसल्या हात लांब करून ते सरळ केलं.